रकाना क्रमांक नऊ

सिन्नरच्या नवहस्त केंद्रात योगिता शिरसाठच्या टेबलावरून एकही फॉर्म नववा रकाना कोरा ठेवून पुढे गेला नव्हता. नववा रकाना म्हणजे 'अंगी असलेले हस्तकौशल्य'. कामाच्या शोधात आलेल्या बायका खुर्चीच्या कडेवर टेकायच्या, ओढणी सारखी करायच्या आणि ठरल्यासारखं एकच म्हणायच्या, "मला काही येत नाही हो मॅडम."

हे ऐकलं की योगिताचं डोकं फिरायचं. "काही येत नाही? मग घरात आठ माणसांचं करतं कोण, शेजारीण? मेंदी येते? क्रोशा? शेवया वळता? मग सांगा की तसं! फॉर्ममध्ये कमीपणा घ्यायचा नाही. जे सगळ्यात उत्तम येतं ते लिहायचं."

आणि कानावरचं पेन काढून ती स्वतःच लिहून टाकायची. सगळा कारभार पडद्यावर गेला तरी नववा रकाना अजून कागदावर, उमेदवारासमोर भरायचा असा नियम होता, आणि योगिताला तो फार आवडायचा. एवढ्याशा रकान्यातून तिनं कितीजणींना ताठ बसवलं होतं! समुपदेशक म्हणून तिला या गोष्टीचा अभिमान होता, आणि तो खोटाही नव्हता. तिच्या टेबलावरच्या उमेदवारांचा 'मेळ' जिल्ह्यात सगळ्यात वरचा असायचा.

आता हा मेळ म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. कुठलंही हातकाम शिकायला वर्षं लागतात, कारण ते नुसतं कळून भागत नाही. मेंदूच्या मागच्या बाजूला, मानेच्या जरा वर, अनुमस्तिष्क नावाचा भाग असतो. हालचाल तिथे मुरावी लागते आणि त्यासाठी ती हजारो वेळा गिरवावी लागते. संशोधकांनी यातून आडवाट काढली. पक्की मुरलेली सवयसुद्धा आपण ती वापरतो तेव्हा काही काळ सैल होते आणि मग पुन्हा घट्ट बसते. त्या सैल वेळात तिच्यावर तिच्यासारखीच दुसरी हालचाल घातली, तर नवी हालचाल जुनीच्या जागी, जुनीइतकीच पक्की बसते. रिकाम्या प्लॉटवर पाया खणत बसण्यापेक्षा बांधलेल्या जोत्यावर भिंती उभ्या करायच्या, तसंच हे.

केंद्रात ते असं व्हायचं. उमेदवारानं डोक्याला पट्टा बांधायचा, हातांत मोजे चढवायचे आणि दहा मिनिटं आपलं जुनं काम करायचं. सवय सैल झाली की पट्ट्याला ते कळायचं. मग मोज्यांतल्या बारीक तारा स्नायूंना हलके झटके देत बोटं चालवायच्या, ती 'आदर्श हाता'च्या चालीनं. आदर्श हात म्हणजे कुठल्यातरी कसबी कामगाराच्या हालचालींची साठवलेली नोंद. रोज चार तास, एकवीस दिवस. जुनं कौशल्य आणि नवं काम यांची चाल किती जुळते, त्याची टक्केवारी म्हणजे मेळ. मेळ ऐंशीच्या वर गेला की सरकारी खर्चानं जागा मिळायची आणि पाठोपाठ नोकरी.

जुन्या जोत्याचं पुढे काय होतं, ते माहितीपत्रकाच्या अकराव्या पानावर एका ओळीत होतं. 'पायाभूत कौशल्यात काही प्रमाणात शिथिलता संभवते.' योगितानं ती ओळ वाचली होती. बायकांना ती सांगायची, "थोडे दिवस हात जड वाटतील, बाकी काही नाही." एखादीची मेंदी बिघडली असेल, एखादीचा क्रोशा सुटला असेल, पण तक्रार घेऊन कोणी आलं नव्हतं. नोकरी लागल्यावर मेंदीसाठी रडत कोण बसतं?

योगिताची धाकटी बहीण सारिका गावातच राहायची. नवरा कामाला म्हणून सुरतेला गेला तो तिकडचाच झाला. घरात सारिका आणि तिची दहा वर्षांची मुलगी मिहिका. मिहिकाला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. कानात बसवायच्या यंत्राचा उपयोग नव्हता, कारण कानाकडून मेंदूकडे जाणारी नसच तयार झालेली नव्हती. डॉक्टरांनी तसं सांगितल्यावर सारिका तीन दिवस रडली. चौथ्या दिवशी ती नाशिकच्या मूकबधिर शाळेतल्या बाईंकडे जाऊन बसली आणि सांकेतिक भाषा शिकू लागली. पुढे त्या भाषेत मायलेकींनी घरचं इतकं काही मिसळलं की ती त्यांची दोघींचीच झाली.

त्या दोघी बोलायला लागल्या की बघत राहावं. सारिकाचे हात कपाळापासून कमरेपर्यंत फिरायचे, खांदे हसायचे, भुवया भांडायच्या. प्रत्येकाला त्यांनी खुणेचं नाव दिलं होतं. योगिताचं नाव होतं कानावरचं पेन, उजव्या कानामागे दोन बोटं अडकवायची की झाली मावशी. आणि सारिकाची बोकडाची गोष्ट तर मिहिकाला शंभरदा बघूनही पुरायची नाही. बोकड रेशनकार्ड काढायला कचेरीत जातो. चष्मेवाला कारकून म्हणतो, अर्ज करा. बोकड अर्ज करतो आणि खाऊन टाकतो. दुसरा देतात, तोही खातो. मग रजिस्टर, मग पंचांग, मग साहेबांच्या खुर्चीवरचा टॉवेल. शेवटी कचेरीत कागदच उरत नाही आणि सगळ्यांना सुट्टी मिळते. मिहिका हसून हसून जमिनीवर लोळायची.

जानेवारीत एका कंपनीची मागणी केंद्रात आली. गाड्यांच्या बॅटऱ्यांसाठी केसाएवढ्या तारा कनेक्टरच्या भोकांत बसवायच्या होत्या. लोंबती, मऊ तार पकडणं यंत्रांना अजून नीट साधत नव्हतं, त्यासाठी माणसाची बोटंच लागत. कायमची नोकरी, घराजवळ, दिवसपाळी. योगिता फॉर्म पर्समध्ये घालून रविवारी सकाळीच बहिणीकडे थडकली.

"नववा रकाना काय लिहायचा गं?" सारिकानं चहा पुढे करत विचारलं. मग स्वतःच हसली. "विड्या लिही ना. आईजवळ बसून किती वळल्यात आपण! तुझ्यापेक्षा माझा हात चालायचा, आठवतंय?"

आठवत होतं. मांडीवर सूप, सुपात भिजवलेली पानं, तंबाखूची भुकटी, बोटांत दोरा. शाळेतून आलं की दप्तर टाकायचं आणि आईशेजारी बसायचं. वर्गात मुली नाक दाबून म्हणायच्या, हिच्या अंगाला वास येतो. योगिता शिकली, परीक्षा दिल्या, या खुर्चीपर्यंत पोचली, आणि विड्यांबद्दल तिनं ऑफिसात जन्मात कोणाजवळ शब्द काढला नाही. फॉर्मवर बहिणीचं नाव, खाली समुपदेशक म्हणून आपली सही, आणि रकान्यात विड्या!

"गप गं," ती म्हणाली. "सरकारी फॉर्मवर विड्या लिहायच्या? काहीतरीच तुझं! तुला एवढी सुंदर सांकेतिक भाषा येते, ती लिहू."

"ते काय कौशल्य आहे का ताई? ते आमचं बोलणं आहे."

"बोलणं डोक्यात असतं. हे बोटांचं चापल्य आहे. तू नको मला शिकवू, माझं रोजचं काम आहे हे."

योगितानं टॅबवर मेळ लावून पाहिला. त्र्याण्णव टक्के! एवढा मेळ तिनं आजवर कोणाचा पाहिला नव्हता. विड्यांचा मेळ तिनं लावूनसुद्धा बघितला नाही.

मिहिका मावशीच्या खांद्यावरून फॉर्म बघत होती. काय चाललंय, असं तिनं विचारलं. योगिताला खुणा अशातशाच यायच्या. एकेक शब्द जोडत तिनं सांगितलं, 'लाजायचं नाही. सगळ्यात उत्तम. लिही.' मिहिकाला ते फार पटलं. आईच्या हातांचं नाव सरकारी कागदावर चढतंय म्हणून तिनं गाल फुगवून टाळ्या वाजवल्या.

योगितानं कानावरचं पेन काढलं आणि रकाना भरला.

प्रशिक्षण ठरल्याप्रमाणे झालं. पट्टा बांधून सारिका दहा मिनिटं आरशासमोर खुणांनी बोलायची, बहुतेक बोकडाचीच गोष्ट सांगायची, आणि मग मोजे सुरू व्हायचे. नवव्या दिवशी ती म्हणाली, हात जड वाटतायत. योगिता म्हणाली, होतं तसं. यंत्र सांभाळणारे देवरे सर तर खूश होते, असा झपाट्यानं बसणारा हात त्यांनी पाहिला नव्हता. एकविसाव्या दिवशी सारिकानं तासाला दोनशे चाळीस तारा बसवल्या आणि चोविसाव्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये बसली. योगितानं पेढे वाटले.

त्यानंतरच्या रविवारी ती सारिकाकडे जेवायला गेली. जेवणं झाली, मिहिका आईसमोर मांडी घालून बसली आणि तिनं कपाळाशी दोन बोटं उभी केली. बोकड हवा होता.

सारिकानं हात उचलले. म्हणजे उचलायला गेली, पण ते छातीच्या वर गेलेच नाहीत. वीतभर जागेत दोन्ही हातांची बोटं बारीक, भराभर, एका तालात चालू लागली. शिंगं झाली न झाली, लगेच अंगठा आणि तर्जनी चिमटीत आली. बोकडाची दाढी दाखवायला हात हनुवटीकडे निघाला आणि अर्ध्यातून चिमटीत आला. पुन्हा चिमूट, मनगटाला जरासा पीळ, पुढे ढकल. सारिकाला सगळं आठवत होतं. बोकड, अर्ज, टॉवेल, सगळं. फक्त हात ते सांगत नव्हते.

मिहिका आधी हसली, तिला वाटलं आई गंमत करतेय. मग पुढे सरकून बघायला लागली. मग तिनं आईचे दोन्ही हात धरून ठेवले आणि मावशीकडे वळली.

'आई पुटपुटते,' ती खुणेनं म्हणाली. जरा वेळानं तिनं आईचे पंजे उलटसुलट करून पाहिले आणि विचारलं, 'यात ही दुसरी बाई कोण आहे?'

ती दुसरी बाई कोण होती ते योगितालाही माहीत नव्हतं. फायलीत फक्त 'आदर्श हात, क्रमांक ४१७' एवढंच होतं.

सोमवारी सकाळी केंद्र उघडण्याआधीच ती देवरे सरांच्या दारात उभी होती. "हे उलटं करा. पाहिजे ते करा, पण उलटं करा."

देवरे सर सरळ माणूस. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. "करतो की मॅडम. पण काय घालू परत? सारिकाताईंच्या हातांची जुनी नोंद आहे का कुठे? पट्टा सैल जागा शोधतो, साठवून ठेवत नाही. दुसऱ्या कोणाचा खुणांचा हात घालता येईल. पण ते त्या दुसऱ्याचं बोलणं होईल. आणि तो यावर घातला तर तारांचं काम जाईल."

"ती रोज सराव करेल. परत शिकेल."

"शिकतील थोडंफार. पण कंपनीत रोज आठ तास हाच हात पक्का होतोय. घरी तासभर बसून किती ओढणार मागे?" मग त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. "एक विचारू? तपासणीत यांच्या बोटांत आणखी एक जुनी पक्की चाल दिसली. लहानपणीची असणार. वळायची, मुडपायची, दोरा बांधायचा. हिचा मेळ अठ्ठ्याऐंशी येत होता. ही का नाही लिहिली?"

अठ्ठ्याऐंशी! ऐंशीला जागा मिळत होती. योगिताला कोणीतरी भर चौकात कानाखाली मारावी तसं झालं. ती उठली आणि आपल्या टेबलाशी येऊन बसली. त्या दिवशी तिनं एकही फॉर्म भरला नाही.

संध्याकाळी तिनं सारिकाला सगळं सांगितलं. अकराव्या पानावरची ओळ सांगितली, अठ्ठ्याऐंशी सांगितले, विड्या का लिहिल्या नाहीत तेही सांगितलं. मनातून तिला वाटत होतं की सारिकानं ओरडावं, भांडी आदळावीत, हाकलून द्यावं. तिनं यातलं काही केलं नाही. वर्तमानपत्राची पट्टी फाडली, मांडीवर घेतली आणि बघता बघता वळली. तोंड नखानं मुडपलं, दोरा नव्हता तरी बांधल्यासारखं केलं आणि ती कागदी विडी ताटलीत ठेवली. मग दुसरी केली. एकसारख्या, आईच्या असायच्या तशा.

"हे बघ, हे नाही गेलं," ती म्हणाली. "याला विचारणारं कुत्रं नाही आता, पण कसं शाबूत आहे."

"सारे, मला माफ कर गं."

"रागावले नाहीये मी. नोकरी चांगली आहे, बायका चांगल्या आहेत." सारिकानं तिसरी पट्टी फाडली. "फक्त एक आहे ताई. मी सांगितलं होतं तुला, ते आमचं बोलणं आहे. तू ऐकलंस, आणि तरी तुला पाहिजे तेच लिहिलंस."



तीन महिने सारिकानं रोज आरशासमोर बसून सराव केला. मिहिका शिकवायची, आईची बोटं एकेक करून सरळ करायची. भूक, पाणी, शाळा, दूध एवढं परत आलं. पण रोजचं भांडण आलं नाही, थट्टा आली नाही. वर्गात कोण कोणाला काय म्हणालं हे सांगायला मिहिका धावत यायची, आई जीव तोडून उत्तर द्यायची आणि ते उत्तर पोरीला कळायचं नाही. 'परत सांग' असं ती आधी पाचदा म्हणायची. पुढे दोनदा म्हणू लागली. एप्रिलमध्ये तिनं कागदावर लिहून आईपुढे ठेवलं, 'मला नाशिकच्या शाळेच्या वसतिगृहात राहायचं आहे. तिथे सगळ्या बोलतात.'

सारिका नाही म्हणाली नाही. कोणत्या तोंडानं म्हणणार?

मे महिन्यात योगिताच्या टेबलापुढे संगीता गुंजाळ नावाची एक बाई येऊन बसली. तिनं ओढणी सारखी केली आणि म्हणाली, "मला काही येत नाही हो मॅडम."

योगितानं तिच्या बोटांकडे पाहिलं. उजव्या तर्जनीच्या नखाची कड झिजून चपटी झालेली होती. ते नख तिनं लगेच ओळखलं.

"विड्या वळल्यात कधी?"

बाई गोरीमोरी झाली. "लहानपणी, आईसोबत. पण ते नका लिहू मॅडम. मला कशिदा येतो, माहेरचा आहे, आजीनं शिकवलेला. तो लिहा, बरा दिसेल."

"कशिदा तुमच्याकडेच राहू दे," योगिता म्हणाली. आणि मग शेजारच्या टेबलावरच्या दोघांना स्पष्ट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "लाजताय कशाला? मीपण वळल्यात. आठ वर्षं."

शेजारच्या टेबलावरचे दोघे वर बघायला लागले. बघोत. तिनं नवव्या रकान्यात विड्या वळणे असं लिहिलं आणि खाली सही केली. अकरावं पान उघडून ती ओळ बाईला दोनदा वाचून दाखवली आणि अर्थही सांगितला. हे सगळं किती सोपं होतं! जानेवारीत एवढंच करायचं होतं.

जूनमधल्या शेवटच्या रविवारी मिहिका निघणार होती. पलंगावर बॅग उघडी पडली होती, सारिका कपड्यांच्या घड्या घालत होती. योगिता दाराशी टेकून उभी होती. या चार महिन्यांत मिहिकानं तिला एकदाही खुणेनं हाक मारली नव्हती. काही हवं असलं तर बाही ओढायची.

एकाएकी मिहिकानं आईला पलंगावर बसवलं, स्वतः समोर उभी राहिली आणि कपाळाशी दोन बोटं धरली. बोकड. आज ती सांगणार होती. तिचे हात थेट आईच्या जुन्या हातांसारखे, कपाळापासून कमरेपर्यंत फिरणारे. बोकड ऐटीत कचेरीत गेला. कारकून आला. मिहिकानं डोळ्यांभोवती चष्मा दाखवला नाही. तिनं उजव्या कानामागून पेन काढलं.

'अगं, ही तर मी!' योगिताला वाटलं, आणि इतक्या दिवसांनी आपलं नाव बघून ती हसलीसुद्धा.

कारकुनानं बोकडाला विचारलं, 'तुला काय येतं?' बोकड म्हणाला, 'काही नाही.' कारकुनानं मान हलवली आणि एकेक शब्द जोडत, योगितासारख्याच तुटक खुणांनी, सांगितलं, 'लाजायचं नाही. सगळ्यात उत्तम. लिही.' बोकडानं खूप विचार केला आणि कागदावर लिहिलं, बें. लहानपणी शेजारच्या बोकडाच्या गळ्याला तळहात लावून मिहिकानं ते बें अनुभवलं होतं. त्याची खूण म्हणजे गळ्यापासून पुढे थरथरत जाणारा पंजा. कारकुनानं कागद घडी करून ड्रॉवरमध्ये टाकला आणि बोकडाला चकचकीत कार्ड दिलं. बोकड कार्ड घेऊन आनंदानं घरी आला. दारात करडू वाट बघत उभं होतं. बोकडानं तोंड उघडलं.

मिहिका तोंड उघडून उभी राहिली. हात दोन्ही बाजूंना नुसते लोंबत ठेवले. बराच वेळ तशीच राहिली. मग तिनं तोंड मिटलं आणि खाली बसून बॅगची चेन लावायला घेतली.

सारिकानं काहीतरी सांगायला हात उचलले. ते छातीपाशी आले, बोटं चिमटीत आली, मनगटाला पीळ बसला. तिनं ते खाली घेतले आणि लेकीच्या पाठीवर ठेवले. मिहिकानं मान वर केली नाही.

योगितानं कानावरचं पेन काढलं आणि पर्समध्ये टाकलं. मग पुढे होऊन तिनं बॅग उचलली, कारण नाशिकची बस साडेचारची होती.